मे महिन्यातलं लग्न, फुलांचं कोटेशन ८५ हजार: कात्री कुठे लावायची?

मांडवशोभा

बहिणीचं लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात. मुहूर्त दुपारी १२.३७ चा, माणसं साधारण ३००. डेकोरेटरने फुलांचं कोटेशन दिलंय ते असं:

स्टेजचा बॅकड्रॉप, २४ बाय १२ फूट (डच गुलाब, कार्नेशन, ऑर्किड): ४२,०००
प्रवेशद्वार: १४,०००
वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून १२ स्टँड: ९,६००
आदल्या दिवशीची हळद: ८,०००
हारांचे २ जोड: ५,०००
गजरे ६०: ३,६००
गाडी: २,८००
एकूण ८५,०००

बाबा म्हणतात ४० च्या वर जायचं नाही, आई म्हणते मांडव भकास दिसता कामा नये. दोघांचंही राहील असं काही जमेल का? हाताने काम करायला घरची आठदहा माणसं तयार आहेत. कार्यालयाचा ताबा आदल्या रात्री ९ ला मिळतो. प्लास्टिकची फुलं नकोत, एवढं नक्की.

---

गुलछडी

४२ हजारांवर घासाघीस करत बसू नका. त्या आकड्याच्या पोटात काय काय आहे ते आधी विचारा. चौकटीचं आणि कापडाचं भाडं, मजुरी, टेम्पो, लाइट आणि फुलं हे पाच आकडे वेगवेगळे मागा. आणि फुलं गड्डीत मोजून मागा. डच गुलाब, कार्नेशनची गड्डी २० ची. जर्बेरा, ऑर्किड, ग्लॅडिओलसची १० ची. नुसतं 'गुलाब, कार्नेशन, ऑर्किड' लिहिलेलं असेल तर ऑर्किडच्या चार काड्या मधोमध खोचल्या तरी दिलेला शब्द पाळल्यासारखाच होतो. 'ऑर्किड ६ गड्ड्या' असं लिहिलं की ते मोजता येतं.

आता २४ बाय १२ म्हणजे काय ते बघा. २८८ चौरस फूट. जर्बेराचं फूल साधारण १० सेंमी रुंद, म्हणजे चौरस फुटाला ९ फुलं. अख्खी भिंत भरायची तर जवळजवळ २६०० फुलं, २६० गड्ड्या. तेवढी कुणीच लावत नाही. बाकीची जागा कापड आणि पाल्याने भरली जाते, आणि त्यात गैर काही नाही. फक्त फुलांचे पैसे जिथे नजर जाते तिथेच खर्च व्हावेत. मंगलाष्टकांच्या वेळी नवरा-नवरी, मागे दोन्ही मामा, करवल्या, भटजी एवढी माणसं उभी असतात. कमरेखालचं काही दिसत नाही. ८ फुटांच्या वरचं फक्त लांबच्या फोटोत येतं. कडेच्या सात-सात फुटांत माणसंच असतात. म्हणजे खरी जागा उरली मधल्या १० फुटांची.

त्या १० फुटांत ८ फूट लांबीच्या झेंडूच्या माळा सहा-सहा इंचांवर सोडल्या तर २१ माळा लागतात, म्हणजे १६८ फूट. चांगला टपोरा कलकत्ता झेंडू दाट ओवला तर एका किलोत साधारण १० फूट माळ होते. म्हणजे १७ किलो, आणि खराब निघणारी धरून २० किलो घ्या. मे महिन्यात फूल बारीक येतं, म्हणून ऑर्डरच्या आधी अर्धा किलो आणून एक फूट ओवा आणि तेवढ्याचं वजन करा. मग हा हिशेब तुमच्या फुलाला लागू पडेल. सगळा केशरी नको असेल तर एक माळ झेंडूची, एक गुलछडीची. कडेच्या भागांना पांढरं कापड आणि कामिनीचा पाला. कामिनी दिवसभर मान टाकत नाही आणि पाल्यात सगळ्यात स्वस्तात पडते.

भावाचं इथे सांगून उपयोग नाही, तो रोज हलतो. गुलटेकडी मार्केट यार्डाच्या फुलबाजाराचे भाव वर्तमानपत्रात येतात. झेंडू, गुलछडी, शेवंती किलोवर. गुलछडी काडी, डच गुलाब, जर्बेरा वेगळ्या ओळीत. तीनचार आठवडे ते बघून ठेवा. ते घाऊक भाव असतात, दोनचार किलो घेणाऱ्याला थोडं जास्त पडतं. अक्षय तृतीया आणि दाट लग्नतिथींच्या आसपास भाव उसळतो. मुहूर्त हलवता येत नाही, पण त्या दिवशी जे फूल महाग असेल ते बदलता येतं. म्हणून कोटेशनमध्ये फुलाच्या नावाबरोबर रंगही ठरवून ठेवा: 'पांढरं: गुलछडी, नाहीतर पांढरी शेवंती'.

ऑर्किड मात्र काढूनच टाका. ते बहुतेक थायलंडहून विमानाने येतं, आणि झेंडूच्या शेजारी लावलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

---

सुईदोरा

माळांबद्दल थोडं. वरचा प्रतिसाद बरोबर आहे, पण घरी ओवलेल्या माळा स्टेजवर चढल्यावर बिघडतात त्या दोनतीन ठरलेल्या चुकांमुळे.

शिवणाचा दोरा वापरू नका. ८ फुटी माळ पाऊण किलोच्या वर भरते, तो दोरा देठ कापत वर सरकतो. जाड नायलॉनचा दोरा आणि मोठी सुई घ्या. सुई फुलाच्या मध्यातून घालून खालच्या हिरव्या देठातून बाहेर काढायची. पाकळ्यांतून आडवी घातली की फूल तासाभरात फाटून गळतं. शेवटच्या फुलाखाली मोठी गाठ आणि तिच्यावर एक आंब्याचं पान दुमडून. आणि मधे दर फुटाला दोऱ्याला एक गाठ मारा किंवा पानाच्या देठाला एक वेढा द्या. हे कुणी करत नाही. दुपारपर्यंत फुलं सुकून आक्रसतात आणि सगळी खाली घसरतात. मग वरचा फूटभर दोरा उघडा आणि खाली फुलांची गर्दी. गाठी असल्या की प्रत्येक फुटातली फुलं त्याच फुटात राहतात.

झेंडू घेताना ओला माल घेऊ नका. पाणी मारलेल्या फुलाचं वजन वाढतं आणि आतून ते तापतं. मूठभर फुलं दाबून सोडा. मधला गुच्छ घट्ट असेल, देठ कडक असेल तर ठीक. देठ मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर तो माल कालचा. घरी आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच मिनिटंही ठेवू नका, सावलीत गोणपाटावर पसरा. एकावर एक चार बोटांपेक्षा जास्त थर नको.

२० किलो घरी ओवायचं म्हणजे हात सवयीचा असला तरी तासाला २० फूट धरा. १६८ फुटांना साडेआठ तास. चौघांनी बसलं तर दोन तासांच्या वर. जमण्यासारखं आहे. पण तयार माळांचा भावही विचारा, कारण ओवणावळ फार नसते. तयार माळ घेताना फूटभरात किती फुलं आहेत ते मोजा. दहाच्या जागी सहा असली तर माळ स्वस्त कशी ते कळेल.

हारांचं म्हणाल तर ते डेकोरेटरकडून मुळीच घेऊ नका, तोही हारवाल्याकडूनच आणतो. मंडईच्या बाजूचे किंवा तुमच्या भागातल्या देवळाजवळचे हारवाले आठवडाभर आधी सांगितलं तर हवा तसा करून देतात. पाकळ्यांचा हार सुंदर दिसतो, पण त्यात फुलं अफाट जातात आणि मजुरी त्याहून जास्त. गुलछडीचा दुपदरी हार, मधे गुलाबाचे पाच-सात ठिपके आणि खाली एक गोंडा, हे हलकं आणि स्वस्त. हलकेपणाचा फायदा कळेल तो नवरीला हात उंच करून हार घालावा लागेल तेव्हा. लांबी सांगताना 'छातीच्या खाली चार बोटं' वगैरे सांगू नका, दोघांची उंची सांगा आणि पूर्ण वेढा फुटात ठरवा. साधारण ६ ते ७ फूट. हार पाणी शिंपडलेला असेल तर घालण्याआधी कोरड्या पंचावर दहा मिनिटं ठेवा, ओल्या झेंडूचा आणि लाल गुलाबाचा रंग उपरण्याला लागतो. जोड एकच पुरे. संध्याकाळी स्वागत समारंभ असेल तर त्याला हार लागतोच असं नाही.

गजऱ्यांचं गणित वेगळं आहे. मे म्हणजे मोगऱ्याचे दिवस, तेव्हा दुसरं काही बघूच नका. फक्त एक लक्षात ठेवा. पहाटे घेतलेल्या कळ्या संध्याकाळी उमलतात. तुमचा मुहूर्त १२.३७ चा, त्या वेळी गजरा कळ्यांचाच असेल: दिसायला छान, वासाला बेताचा. दुपारी घमघमाट हवा असेल तर आदल्या दिवशीच्या कळ्यांचे गजरे घ्या. ते रात्री उमलतील, पण सकाळपर्यंत काही पाकळ्या तपकिरी पडायला लागतील. मला विचाराल तर पहाटेच्या कळ्याच बऱ्या. ओल्या मलमलच्या फडक्यात आणि वरून केळीच्या पानात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवा. बर्फ वेगळ्या पिशवीत, गजऱ्याला लागता कामा नये. बर्फ लागला तिथे काचेसारखा डाग पडतो आणि अर्ध्या तासात काळा होतो.

आणि ६० गजरे ताटात ठेवून दारात ठेवले तर ३५ बायकांत संपतात. अत्तर-गुलाबपाण्याच्या टेबलाशी कुणाला तरी बसवून हातात द्या, ५० पुरून उरतील.

---

तळकोकणी

अबोलीचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे वळेसर, म्हणजे गजरे, अबोलीचेच. वास नाही, पण मोगऱ्यासारखी काळवंडत नाही, दुसऱ्या दिवशीही रंग तसाच. नवरीच्या वेणीत आणि जवळच्या पाचसहा बायकांना अबोली, बाकीच्यांना मोगरा, असं केलंत तर फोटोतला रंगही येतो. फूल वजनाला अगदी हलकं, त्यामुळे मोगऱ्याशी किलोच्या भावाची तुलना करून घाबरू नका, गजऱ्यामागचा भाव विचारा.

प्रवेशद्वाराला १४ हजार कशाला? केळीचे चार खांब, माडाच्या झावळ्या विणून दोन्ही बाजूंना, वर आंब्याचं तोरण आणि मधे मधे झेंडू. केळीचा खांब नुसता बांबूला बांधला तर पाठवणीपर्यंत पानं लोंबायला लागतात. वाळूने भरलेल्या बादलीत उभा करा, वाळूत पाणी ओता आणि तीन ठिकाणी बांधा. कापलेल्या बुंध्यातून चीक गळतो, तो कपड्याला लागला तर जात नाही. बुंध्याला प्लॅस्टिक गुंडाळा आणि वरून कापड. पाहुण्यांच्या साड्या तिथूनच जाणार.

---

मांडवशोभा

खूपच उपयोगी माहिती, धन्यवाद. दोन शंका. फुलं नेमकी कधी आणायची? घरी एसी नाही, आणि मे महिना आहे. आणि हळदीला लावलेल्या माळा दुसऱ्या दिवशी स्टेजवर चालतील का?

---

सुईदोरा

नाही चालणार. मे महिन्यात एक दिवस उघड्यावर राहिलेली माळ दुसऱ्या दिवशी फोटोत लगेच ओळखू येते. हळदीला माळा कमीच ठेवा. मोठ्या पितळी परातीत किंवा घंगाळात पाणी घालून वर झेंडूची नुसती फुलं तरंगवा, देठ अगदी जवळून कापून. दीड-दोन किलोत चार पराती भरतात. मागे पिवळं कापड. आणि नवरीचे फुलांचे दागिने हारवाल्याकडून गुलछडीच्या कळ्यांचे. ते दिवसभर टिकतात, शिवाय हळदीने पिवळे झाले तरी चालतात.

आणायचं वेळापत्रक असं. डच गुलाब किंवा जर्बेरा घेणार असाल तर आदल्या दिवशी सकाळी. झेंडू, शेवंती, पाला आदल्या दिवशी दुपारनंतर, म्हणजे रात्री ९ ला ताबा मिळाल्यावर थेट चढवता येईल. गुलछडी, मोगरा, हार लग्नाच्या दिवशी पहाटे.

गुलाबाच्या काड्या आल्या की खालची पानं काढा, तळाचे दोन सेंमी पाण्याखाली धरून तिरपे कापा आणि पाचसहा तास खोल बादलीत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. जर्बेराला मात्र खोल पाणी चालत नाही. त्याची दांडी मऊ आणि लवदार, खोल पाण्यात ती कुजून मान टाकते. तीन इंच पाणी पुरे.

आणि त्या खोलीत आंब्याच्या पेट्या ठेवू नका! मे महिन्यातल्या लग्नघरात हे हमखास होतं. पिकणाऱ्या आंब्यातून आणि केळ्यांतून इथिलीन वायू निघतो, त्याने कार्नेशन मिटतं आणि ऑर्किड गळतं. फळं एका खोलीत, फुलं दुसऱ्या. एसी नसला तरी चालेल. पंखा थेट फुलांवर नको, त्याने ती आणखी सुकतात. खिडकीला ओलं चादरीचं कापड लावा.

---

हिशेबनीस

जरा उलट बाजू मांडतो. घरची आठदहा माणसं म्हणताय, पण लग्नाच्या आदल्या रात्री त्यातली निम्मी सामान-सुमान, पाहुण्यांना आणणं-सोडणं यात अडकतात. माळा ओवणं घरी होऊ शकतं. १२ फुटांच्या शिडीवर रात्री ११ वाजता माळा टांगणं घरच्यांचं काम नाही. ते माणूस लावूनच करून घ्या.

त्यासाठी डेकोरेटरशी आत्ताच बोला: चौकट, पांढरं कापड, ८ फुटांवर आडवा पाइप, लाइट आणि टांगायला दोन माणसं तुमची, फुलं आमची. हे बुकिंग करताना सांगितलं तर बहुतेक तयार होतात, ॲडव्हान्स दिल्यावर सांगितलं तर नाही. त्याच्याही आधी कार्यालयाच्या पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच कार्यालयांत ठरलेलाच डेकोरेटर घ्यावा लागतो, बाहेरचा आणला तर वेगळी रक्कम भरावी लागते. ती रक्कम बचतीतून वजा करा, नाहीतर सगळं मुसळ केरात. त्याच दिवशी संध्याकाळी तिथे दुसरं लग्न असेल तर चौकट आणि कापड दोघांत वाटून घेता येतं का तेही विचारा. फुलं दोघांची वेगळी, मांडणी एक. डेकोरेटरचा टेम्पो आणि मजुरी एकदाच होते, त्याला घासाघीस करायला जागा राहते.

वाटेवरचे १२ स्टँड पूर्ण काढा. आपल्याकडे मंगलाष्टकांना सगळे उठून पुढे येतात, स्टँड दिसतही नाहीत आणि मुलं पाडतात. हवेतच असतील तर स्टेजच्या पायऱ्यांशी दोन.

कुठल्याही टेबलावर फोममध्ये फुलं खोचणार असाल तर एक सूचना. फोम पाण्यावर ठेवा आणि आपोआप बुडू द्या. हाताने दाबला तर वरून ओला, मधे कोरडा राहतो, आणि नेमकी मधली फुलं दोन तासांत मान टाकतात. आणि लिली वापरलीत तर फूल उमलताच मधले तपकिरी परागकोश चिमटीने काढा. तो पराग शालूवर पडला तर हाताने झटकू नका, डाग पसरतो. चिकटपट्टीने टिपून घ्या.

भटजींची फुलं विसरू नका, ती या कोटेशनमध्ये नाहीत. विधींना किलोभर सुटी फुलं, दूर्वा, तुळस, आंब्याचे डहाळे. यादी त्यांच्याकडूनच घ्या आणि वेगळ्या टोपलीत ठेवा, नाहीतर गौरीहराच्या वेळी कुणीतरी स्टेजवरची माळ तोडायला धावतं.

अक्षतांबरोबर पाकळ्या द्यायच्या असतील तर माणशी ५ ग्रॅम धरा, ३०० माणसांना दीड किलो. गुलाबाची सुटी पाकळी बाजारात मिळते, गुलाब विकत घेऊन तोडू नका.

राहिली गाडी. २,८०० चं काम ५०० च्या आसपास होऊ शकतं, पण गुच्छ चिकटपट्टीने लावू नका. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पट्टीचा गोंद वितळून रंगाला धरतो. काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्या मिळतात, त्यांना दोरा बांधून बॉनेटवर एकच माळ इंग्रजी व्ही आकारात आणि दारांच्या मुठींना चार छोटे गुच्छ. नंबर प्लेट झाकू नका, आणि ड्रायव्हरसमोरच्या काचेवर काही नको. आणि हे सगळं पाठवणीच्या अर्धा तास आधीच लावा, सकाळी नाही. कार्यालयाच्या आवारात मे महिन्याच्या उन्हात पाच तास उभ्या गाडीवर काहीच टिकत नाही.

---

गुलछडी

गाडीच्या माळेला झेंडू नको, वाऱ्याने पाकळ्या उडतात. शेवंती घ्या, ती घट्ट असते.